मास्तरीणबाईंचा उजवा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. हसू नका. हाडामांसाचा नव्हे, धातूचा. एका बाईंच्या उजव्या पायात मी सात वर्षे चाकरी केली आणि मग मला छिन्नी लावून उखडले. माझी हकिगत गोड नाही. कुणाला गोड ऐकायचे असेल तर त्याने एखाद्या छत्रीचे नाहीतर दप्तराचे आत्मवृत्त वाचावे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. धातूचा रस साच्यात ओतला, तो थिजला आणि मी झालो. तेव्हा मी काळपट आणि ओबडधोबड होतो. मग मला घासायला सुरुवात झाली. पट्ट्यावर घासले, चाकावर घासले, पुन्हा पट्ट्यावर घासले. झिलई देणारी एक जाड चष्म्याची बाई होती. माझ्यात स्वतःचे दात मोजता येईपर्यंत ती मला हातावेगळे करत नसे. माझे तीन भाग आहेत. एक टोप, तो मांडीच्या हाडावर बसतो. एक पाटी, ती नडगीच्या हाडावर बसते. आणि दोघांची भांडणे होऊ नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकची एक गादी. तिघांना धुऊन, निर्जंतुक करून, पिशवीत पिशवी घालून बंद केले. त्या पिशवीत जंतू औषधालाही उरला नव्हता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ काळ तोच.

मी ज्यांच्या नशिबी आलो त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी जन्मात कधी शाळेत शिकवले नव्हते. कपड्यांच्या एका कारखान्यात त्या कापड कापत. कापणाऱ्या पुरुषाला कटिंग मास्तर म्हणतात, मग बाईला काय म्हणायचे, यावर कुणीतरी डोके चालवले आणि हे नाव पडले. लांबलचक टेबल, त्यावर एकावर एक अंथरलेले कापडाचे थर, खडूच्या रेघा आणि बाईंची जड कात्री. हे काम बसून होत नाही. उभे राहून राहून त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आणि हाडाला हाड घासू लागले. जिने चढताना त्या ज्या शिव्या द्यायच्या, त्या मी इथे सांगणार नाही.

त्यांच्या यजमानांचे औषधांचे दुकान होते. वर घर, खाली दुकान. लोक त्यांना औषधवाले म्हणत. निम्मे लोक तर सरळ डॉक्टरच म्हणत, आणि ही चूक त्यांनी कधी कुणाला दुरुस्त करू दिली नाही. त्यांना एकच लेक. ती मात्र खरोखर शाळेत शिकवत होती, पण घरात तिला कुणी मास्तरीण म्हणत नसे. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय.

हाडांच्या डॉक्टर उंच आणि कमी बोलणाऱ्या बाई होत्या. माणसांना वाटते शस्त्रक्रिया म्हणजे फार नाजूक काम. मित्रांनो, सुताराकडे असते ते सगळे तिथे असते: करवत, भोके पाडायचे यंत्र, हातोडा. जुने हाड कापले, सिमेंट कालवले आणि मला ठोकून बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधवाल्यांना समोर बसवून सांगितले.

"हा परका पाहुणा आहे. याला रक्त पोचत नाही. अंगात कुठं गळू झालं, दात किडला, तर तिथला जंतू रक्तातून येऊन याच्यावर बसू शकतो. गुडघा लाल झाला, तापला, सुजला, तर तडक माझ्याकडे यायचं. आधी सुईनं सांध्यातलं पाणी काढायचं, ते तपासायचं, मग गोळी. गोळी आधी नाही."

"डॉक्टर, मी याच धंद्यातला आहे," औषधवाले हसून म्हणाले. "मला काय सांगता?"

"तुम्हालाच सांगतेय," डॉक्टर म्हणाल्या.

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. महिन्या-दोन महिन्यांत बाई पुन्हा टेबलापाशी उभ्या राहिल्या. कारखान्यातले लोक विचारत, "काय मास्तरीणबाई, नवा गुडघा काय म्हणतो?" त्या म्हणत, "काही म्हणत नाही, म्हणून तर लाडका आहे. घरी एक बोलणारा आहे, तेवढा पुरे." मी वाकत होतो, सरळ होत होतो, जिना चढत होतो. हाडाने हळूहळू मला आपले म्हटले. मला अभिमान वाटत असे, आणि का वाटू नये?

त्या घरात प्रेम गोळ्यांच्या पट्टीतून येत असे. कुणी शिंकले की गोळी, कुणी उसासा टाकला की कॅप्सूल. औषधवाले बायकोला फूल कधी देत नसत, पण तिचे डोके दुखायच्या आत त्यांची पट्टी तयार असायची. आणि बरे वाटले की पट्टी अर्धी टाकून बंद. "उगीच कशाला पोटात घालायच्या?" असे म्हणून उरलेल्या गोळ्या ते डब्यात ठेवत, पुढच्या दुखण्याला. घरात औषधाचे दुकान आहे याचा बाईंना गर्वच होता. शेजारणी दवाखान्यात ताटकळत बसत, आणि यांचा डॉक्टर जिन्याखाली.

एकदा कापडाच्या थरांत विसरलेली टाचणी बाईंच्या अंगठ्यात घुसली. अंगठा सुजला, ठणकू लागला, पिकला. औषधवाल्यांनी सुई तापवून स्वतःच फोडला, पू काढला, तीन दिवस गोळ्या दिल्या आणि अंगठा बरा झाला. अंगठ्याचे काम तिथे संपले. पण काट्याचा नायटा व्हायचा तो झालाच. अंगठ्यातला जंतू रक्तात उतरला होता. तो फिरत फिरत खाली आला आणि माझ्या टोपाच्या मागच्या बाजूला त्याचा पाय ठरला. जिवंत हाडावर बसला असता तर रक्तातल्या शिपायांनी त्याला फाडून खाल्ले असते. माझ्यावर कोण येणार? त्याने आपली पिलावळ वाढवली आणि वरून चिकट थर पसरला, टाकीत शेवाळ धरते तसा. त्या थराखाली तो निर्धास्त झाला.

मला काहीच वाटले नाही. मित्रांनो, धातूला दुखत नाही. दुखले ते बाईंना. सकाळी उठल्या तर गुडघा लालबुंद, हात लावला तर चटका, अंगात ताप. चहा करायला उभ्या राहिल्या आणि ओट्याला धरून खाली बसल्या.

लेक म्हणाली, "आई, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आत्ताच्या आत्ता जायचं. बाबा, रिक्षा बोलवा."

"अगं, घरात दुकान असताना तिकडं ताटकळत कशाला बसायचं?" औषधवाल्यांनी चष्मा वर करून गुडघा दाबून पाहिला. बाई कळवळल्या. "वाताचं आहे. थंडी बाधलीय. हे पिवळं कॅप्सूल दे सकाळ-संध्याकाळ. परवा नाचेल बघ."

"पाणी काढायचं म्हणाल्या होत्या ना आधी?"

"त्या म्हणणारच. त्यांचं दुकान कसं चालायचं?"

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, लाली गेली. बाई जिना उतरून खाली गेल्या तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइके होती. औषधवाल्यांनी त्यांच्यादेखत टाळी वाजवली. "बघितलंत? सुंठीवाचून खोकला गेला." बाईसुद्धा हसल्या. त्याच आठवड्यात कुणी गुडघा उघडून धुतला असता, मधली गादी बदलली असती आणि नेमके औषध नेमके दिवस दिले असते, तर जंतूचा थर कोवळा होता, तो निघाला असता. मी राहिलो असतो, पायही राहिला असता. पण पाय बरा झाला असे सगळ्यांना वाटत होते, आणि बऱ्या पायाला दवाखान्यात कोण नेतो?

महिनाभराने सूज पुन्हा आली. पुन्हा पिवळे कॅप्सूल, पुन्हा चार दिवस, पुन्हा बरे. मग लाल-पांढरे. मग मोठी गुलाबी गोळी, जी गिळताना बाईंना उचकी लागायची. प्रत्येक खेपेला वरवरचे जंतू मरत आणि खालचे चिवट शिल्लक राहत. बाई दुखणे अंगावर काढत होत्या. टेबलाला पोट टेकवून कापायच्या. मालकाने एक उंच स्टूल आणून दिले, तर त्यांनी ते कात्रीच्या टोकाने ढकलून दिले. "बसून कापायला मी काय भाजी चिरतेय?" त्यांचा तोंडाचा पट्टा चालू होता तोवर कारखान्यात कुणाला काळजी वाटली नाही. एका दुपारी मात्र पाय लटपटला, कात्री रेघ सोडून गेली आणि थराच्या थर वाया गेले. बाई कापडाकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांची रेघ कधी चुकली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून लेकीला सांगितले, "ने मला त्या डॉक्टरणीकडं."

डॉक्टरांनी रक्त तपासले. आत कुठेतरी आग पेटलेली आहे एवढे रक्ताने सांगितले, कोणी पेटवली ते सांगितले नाही. मग त्यांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढले. ते गढूळ होते.

"गोळ्या चालू आहेत?"

"परवापर्यंत होत्या," औषधवाले म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मग यात जंतू उगवायचा नाही. गोळीनं तो मरत नाही, लपतो. लपलेला चोर पंचनाम्यात कसा सापडणार? आता दोन आठवडे जंतूंवरचं एकही औषध पोटात जाता कामा नये. मग पुन्हा पाणी काढू."

"आणि ताप आला तर?"

"तर मला फोन. गोळी नाही."

"आणि जंतू सापडला तर?"

"तर हा गुडघा काढावा लागेल. काही आठवडे औषध भरलेलं सिमेंट आत ठेवायचं, शिरेतून औषध द्यायचं, आणि आतलं स्वच्छ झालं की नवा गुडघा. पाय वाचवायचा तो मार्ग आहे. त्या पुन्हा टेबलापाशी उभ्या राहतील. उशीर केलात तर सांगता येत नाही."

एवढ्या बोलण्यातले औषधवाल्यांनी एकच ऐकले: गुडघा काढावा लागेल.

मला डोळे नाहीत, त्यामुळे घरी काय झाले ते मी पाहिले असे म्हणत नाही. पण भोवतीच्या रक्तातून काय वाहत येते ते मला कळते. चौथ्या दिवशी औषधवाले बायकोला म्हणाले, "हे ताकदीचं घे. अशक्तपणा आलाय तुला." बाईंनी विचारले नाही, कधीच विचारत नसत. ते देत आणि त्या गिळत, संसार तसाच झाला होता. रक्तातून जे आले ते ताकदीचे नव्हते. ती तीच मोठी गुलाबी गोळी होती, कुटून ताकदीच्या कॅप्सूलच्या रिकाम्या कवचांत भरलेली.

दोन आठवड्यांनी पाणी काढले. त्यात काहीच उगवले नाही. डॉक्टरांना ते आवडले नाही.

"उगवलं नाही म्हणजे जंतू नाही, असं नसतं. गुडघ्याचं रूप मला सांगतंय की आहे. गोळी नक्की बंद होती ना?"

"नक्की," औषधवाले म्हणाले.

"बाई, तुम्ही सांगा."

"यांनी नुसतं ताकदीचं दिलं."

डॉक्टरांनी औषधवाल्यांकडे पाहिले. "कसलं ताकदीचं?"

"अहो, साधं जीवनसत्त्व. त्यालाही बंदी आहे का आता?"

डॉक्टरांनी तरीही गुडघा उघडून बघू असा आग्रह धरला. औषधवाले ऐकेनात. रिपोर्ट स्वच्छ आहे, धडधडीत स्वच्छ, आणि ह्या बाईला कापाकापीची हौस आहे, असे ते जिना उतरताना मोठ्याने म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. बाईंनाही फार आनंद झाला. मित्रांनो, मला त्या घराची कीव आली. मी आतून सडत चाललेल्या हाडाला धरून बसलो होतो आणि वर आनंदीआनंद चालला होता.

व्रणाच्या वरच्या टोकाला एक फोड आला, मोहरीएवढा. तो फुटला आणि बारीक भोक पडले. त्यातून रोज पू येऊ लागला. औषधवाले सकाळी कापूस लावत, पट्टी बांधत आणि दुकान उघडत. लेक शाळेच्या सहलीवरून परत आली, तिने वास कुठून येतोय म्हणून पट्टी सोडली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बापाला तिने विचारलेसुद्धा नाही. तिने आईला उचलून गाडीत घातले.

मग मला काढले. बसवताना जेवढे ठोकले होते त्याहून अधिक ठोकून. हाडाचे तुकडे माझ्याबरोबर आले. मला बरणीत पाण्यात बुडवले आणि कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने त्या पाण्याला हादरे दिले. माझ्यावरचा थर सुटला आणि त्या पाण्यात अखेर जंतू उगवला. इतक्या वर्षांत कुणी मला काही विचारले नव्हते. विचारल्यावर मी एका बरणीभर पाण्यात सगळे सांगून टाकले.

डॉक्टर वॉर्डात आल्या तेव्हा तिघेही तिथे होते. बाई उताण्या पडलेल्या, उशाशी लेक, पायाशी औषधवाले. माझ्या जागी आता औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा होता.

"जंतू सापडला," डॉक्टर म्हणाल्या. "साधाच असतो हा, गळवात असतो तो. पण याला साधी औषधं लागू पडत नाहीत. दुकानात मिळतात त्यातली जवळजवळ सगळी यानं पचवलीत. हे पोर आपलं आपण एवढं शिकत नाही. कुणीतरी घरी शिकवणी लावली होती याला."

मग मास्तरीणबाईंनी मान वळवली.

"ताकदीचं," त्या म्हणाल्या. "अहो, ते ताकदीचं होतं ना?"

औषधवाल्यांनी पलंगाची दांडी धरली. "अगं, त्या म्हणाल्या होत्या, सापडला तर गुडघा काढणार. मला वाटलं, रिपोर्ट चांगला आला तर वाचशील. तू महिनोन्‌महिने अशी पडून राहणार, मला बघवलं नसतं गं."

"आता बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी म्हण आहे. पण म्हणीतल्या दांड्याला रडू येत नाही. औषधवाले लहान मुलासारखे रडले, आणि त्यांच्यापुढे कुणी रुमाल धरला नाही.

मला धुऊन, उकळून पिशवीत घातले होते. बाईंनी मला मागून घेतले. "इतकी वर्षं पायात होता, माझाच आहे, द्या इकडं." त्यांच्या पलंगाशेजारच्या खणात मी राहिलो, म्हणून पुढचे मला ऐकता आले. शिरेतून औषध चालू होते. एक औषध मूत्रपिंडांना झेपेना, ते बदलले. दुसऱ्याने पोटात पाणी ठरेना. जखम पुन्हा उघडली, पुन्हा धुतली, सिमेंटचा गोळा बदलला. जंतू हाडात खोल गेला होता. डॉक्टर रोज येत, उभ्याउभ्या पट्टी सोडत आणि पुन्हा बांधत. एके सकाळी त्या खुर्ची ओढून बसल्या. त्या कधी बसत नसत, तेव्हाच बाईंनी ओळखले.

"पाय राखायला गेलं तर जीव जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "मला दुसरं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

लेक रडू लागली. बाईंनी पांघरूण बाजूला केले. "कुठून?" त्यांनी विचारले.

डॉक्टरांनी पेनाने मांडीवर रेघ ओढली. बाईंनी कोपरावर उठून ती पाहिली.

"तिरकी आलीय," त्या म्हणाल्या. "पुसा. सरळ मारा."

डॉक्टरांनी ती पुसली आणि पुन्हा ओढली. बाईंनी मान हलवली आणि त्या पुन्हा आडव्या झाल्या.

बाई घरी आल्या तेव्हा औषधवाल्यांनी त्यांच्यासाठी नवे पायजमे आणून ठेवले होते. बाईंनी कात्री मागितली. सगळे पायजमे एकावर एक रचले, खडूने रेघ मारली आणि एका कापात सगळ्यांचे उजवे पाय वेगळे केले. मग ते तुकडे गोळा करून नवऱ्याच्या हातात दिले. "ठेवा डब्यात. तुम्हाला उरलेलं जपून ठेवायची सवय आहे."

कारखान्यात त्यांच्या टेबलापाशी आता दुसरा माणूस उभा राहतो. त्या दिवसभर वर एकट्या बसणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले आणि रोज सकाळी खाली दुकानात येऊन बसू लागल्या. औषधवाले त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरतात. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून मला काढले आणि काउंटरवर ठेवले.

"अगं, आत ठेव ना ते," औषधवाले हळू आवाजात म्हणाले. "गिऱ्हाईक बघतं."

"बघू दे."

तेव्हापासून हे सुरू आहे. कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जंतूंवरच्या गोळ्या मागितल्या की बाई म्हणतात, "त्यांना सांगा हे काय आहे." आणि औषधवाल्यांना सांगावे लागते. टाचणी, पिवळे कॅप्सूल, सुईचे पाणी, ताकदीचे औषध, सगळे. एखादी गोष्ट गाळली तर बाई म्हणतात, "आणि?" मग ते तीही सांगतात. सांगताना त्यांचा आवाज दर वेळी त्याच ठिकाणी अडकतो. बाईंना दया येत नाही. मला वाटते, त्यांना तेवढाच एक विरंगुळा उरला आहे. बैल गेला आणि झोपा केला असे लोक म्हणतात, पण त्या झोप्याला रोज कुलूप लावायला लावणारी माणसे थोडी असतात.

मध्यंतरी एक माणूस आला. आईचा गुडघा सुजलाय, म्हणाला, दोन वर्षांपूर्वी बदललेला, लाल झालाय, तापही आहे, ते पिवळे कॅप्सूल द्या. बाई काही म्हणायच्या आत औषधवाल्यांनी मला हातात घेतले. त्या दिवशी त्यांनी काहीही गाळले नाही. बायकोच्या पायजम्याच्या शिवलेल्या टोकाकडे बोट दाखवले. डोळे पुसले. म्हणाले, "हात जोडतो, आजच्या आज तिला हाडांच्या डॉक्टरकडं न्या. आधी पाणी काढू द्या."

माणसाने सगळे नीट ऐकून घेतले. "अरेरे, फारच वाईट झालं हो," तो म्हणाला. "बरं मग, दोनच दिवसांच्या द्या. जास्त नको."

औषधवाल्यांनी दिल्या नाहीत. माणूस रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला आणि पट्टी खिशात घालून बाहेर पडला. औषधवाले त्याच्या पाठीकडे बघत होते. म्हणाले, "सगळ्यांचंच काही असं होत नाही. त्या बाईचा पाय वाचेलही."

"माझाही वाचला असता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायची पद्धत आहे, तर माझा उपदेश ऐका. तुमच्या घरात कुणाचा सांधा लाल झाला, तापला, सुजला, तर आधी त्यातले पाणी तपासू द्या आणि गोळी मग. गोळी घेऊन येणारा हात मायेचा असेल. तो धरा आणि थांबवा. तुम्ही लहान आहात म्हणून तुमचे कुणी ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. लेकीचेही कुणी ऐकले नव्हते. तरी ओरडा, रडा, दारात आडवे पडा, पण थांबवा. एवढे सांगून मी गप्प बसणार होतो.

पण काल तोच माणूस दुकानावरून चालला होता. मुद्दाम थांबला, चेहरा अगदी खुललेला. "अहो, उतरली की आईची सूज! तापही गेला. तिसऱ्या दिवशी हिंडायला लागली. तुम्ही उगीच घाबरवलंत."

औषधवाले काउंटर पुसत राहिले. मास्तरीणबाई पुढे वाकल्या. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"त्यांना डॉक्टरकडं घेऊन जा हो," त्या म्हणाल्या. "हिंडताहेत तोवर घेऊन जा."

"बघू," माणूस म्हणाला आणि हसत पुढे गेला.